मासा मालवणचा, ट्रॉलर परराज्यातला, कायदा नेमका कुणाचा?

बांगडाफ्राय
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय.

दर सीझनला पेपरात तीच बातमी येते, फक्त तारीख बदलतात. 'मालवणच्या समुद्रात परप्रांतीय हायस्पीड ट्रॉलर पकडला.' खाली दोन फोटो, अधिकाऱ्यांची नावं, आणि संघटनेचं 'कारवाईचं स्वागत पण'. पुढे काय होतं ते कुणी छापत नाही म्हणून मी सांगतो, कारण घर बंदराजवळ आहे आणि हे मी बघितलंय. गस्तीनौका ट्रॉलर घेऊन येते, बंदरात लावते, मासळी उतरवतात. म्हाकूल, बळे, राणी मासा असं सगळं टपात ओतून तिथेच लिलाव पुकारतात आणि शेवटची बोली कागदावर लिहून घेतात, कारण दंड या मासळीच्या किमतीच्या पटीत, पाचपटीपर्यंत. म्हणजे बोली कमी लागली की दंड पण कमी! तोवर तांडेल (बोट चालवणारा) केबिनच्या सावलीत बसून फोनवर मालकाशी बोलत असतो, मालक कर्नाटकात मलपीला, खलाशी ओडिशाचे किंवा झारखंडचे, त्यांना आपण कुठल्या राज्याच्या पाण्यात होतो हे तरी माहीत असेल का देव जाणे. सुनावणी होते, दंड भरतात, ट्रॉलर जातो. थोड्या दिवसांनी तोच किंवा त्याचा भाऊ परत त्याच पाण्यात.

आमचे काका गिलनेटवाले. संध्याकाळी जाळी मारायची आणि पहाटे उचलायला जावं तर अर्धी जाळी ट्रॉलरने ओढून नेलेली. त्याची भरपाई मागायला जायचं कुठे? आपल्या ऑफिसात गेलं की म्हणतात बोटीचा नंबर द्या. रात्री एक वाजता नंबर कोण वाचणार?

मुद्दा हा की समुद्र एक, बांगडा एक, आणि नियम महाराष्ट्राचे वेगळे, गोव्याचे वेगळे, कर्नाटकाचे वेगळे. ही तिन्ही सरकारं एका टेबलावर बसून एकच नियम का करत नाहीत? की असं काही असतं आणि मलाच माहीत नाही? जाणकारांनी सांगा. राजकारण नको, पक्षांची नावं घेतली तर संपादक धागा उडवतील.

पापलेटप्रेमी
पहिला! चांगला विषय. वाचतोय, सवडीने लिहितो.

कायद्याचं_बोला
थोडं पुस्तकी होईल पण लिहितोच.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी दोन ठिकाणी आहे. राज्यसूचीत नोंद २१, 'मत्स्यव्यवसाय'. आणि संघसूचीत नोंद ५७, 'क्षेत्रीय जलधीपलीकडची मासेमारी'. म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत (साधारण २२ किलोमीटर) राज्याची सत्ता, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राची. राज्यांचे कायदे आले ते १९८० च्या आसपास, गोव्याचा १९८०, महाराष्ट्राचा १९८१, कर्नाटकाचा १९८६. प्रत्येकाने आपापल्या किनाऱ्यावरची भांडणं डोळ्यासमोर ठेवून कायदा केला. शेजाऱ्याशी जुळतो का हे तेव्हा कुणी बघितलं असेल असं वाटत नाही.

आता गंमत ऐका. राज्याराज्यांनी एकत्र बसायची सोय आपल्याकडे १९५६ पासून आहे, तिला विभागीय परिषद म्हणतात, अध्यक्ष केंद्रीय गृहमंत्री. पश्चिम विभागीय परिषदेत गुजरात, महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली-दमण-दीव. कर्नाटक आणि केरळ कुठे? दक्षिण विभागीय परिषदेत! म्हणजे पश्चिम किनाऱ्याचे बरोबर मधून दोन तुकडे, आणि तो तुकडा पडलाय गोवा आणि कारवारच्या मधे. मालवण-गोवा-कारवार-मलपी हा जो तुमच्या भांडणाचा पट्टा आहे तो एका टेबलावर येतच नाही. विशेष कुणाचा डाव वगैरे नाही, ज्यांनी नकाशा केला त्यांनी जमीन बघून केला.

बांगडाफ्राय
@कायद्याचं_बोला, हे माहीत नव्हतं! म्हणजे बेळगावसाठी भांडायला दोन राज्यांना वेळ आहे आणि बांगड्यासाठी नाही.

कायद्याचं_बोला
बेळगाव इथे नको हो, धागा चारशे प्रतिसादांवर जाईल 😄

मिरकरवाडा_एक्सप्रेस
मी रत्नागिरीचा, आणि आधीच सांगून टाकतो, घरची पर्ससीन आहे (मासळीचा अख्खा थवा घेरून उचलणारं मोठं जाळं, माहीत नसेल त्यांच्यासाठी). आता मारा दगड.

बांगडाफ्राय भाऊ, तुमच्या काकांची जाळी गेली त्याचं वाईट वाटतं, मनापासून. पण 'परप्रांतीय परप्रांतीय' ओरडून आपल्याच राज्यात जे चाललंय त्यावर पांघरूण पडतं हे पण बघा. ५ फेब्रुवारी २०१६ ला शासनाने आदेश काढला, सोमवंशी समितीच्या अहवालावरून. पर्ससीनला वर्षात फक्त १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, आणि परवाने हळूहळू कमी करून १८२ वर आणायचे. ठीक, शास्त्रीय असेल, मानलं. पण सप्टेंबरचा निम्मा महिना वाऱ्यापावसात जातो, दिवाळीला खलाशी गावी जातात, उरले किती दिवस? आणि तोच बांगडा, तीच तारली जरा खाली सरकली की गोव्याच्या हद्दीत, तिथे जानेवारीतही पर्ससीन चालू. मी जाळं गुंडाळून जेटीवर बसायचं आणि रेडीहून पुढे, गोव्याच्या बाजूला, दुसऱ्याने तोच मासा मारायचा, याला संवर्धन म्हणायचं? हे म्हणजे एकाच तळ्याच्या एका काठावर उपास आणि दुसऱ्या काठावर जेवणावळ.

नियम करायचाच तर सगळ्यांना एक करा, मी पहिला पाळीन. एकट्या महाराष्ट्राला करायचा असेल तर माफ करा.

वेळणेश्वरकर
+१. पटो न पटो, मुद्दा बिनतोड आहे.

बांगडाफ्राय
दगड नाही मारत भाऊ, पण एक विचारतो. चार महिने संपल्यावर रात्री समुद्रात जत्रेसारखा उजेड कुणाचा असतो? एलईडीवाल्या सगळ्या बोटी मलपीच्या आहेत असं छातीवर हात ठेवून सांगाल?

मिरकरवाडा_एक्सप्रेस
नाही सांगणार. आमच्यातले पण आहेत. जनरेटर एका बोटीवर, जाळं दुसऱ्या बोटीवर, म्हणजे धाड पडली की जाळंवाला म्हणतो माझ्याकडे लाईट नाही आणि लाईटवाला म्हणतो माझ्याकडे जाळं नाही. हे सगळ्या बंदरांना माहीत आहे. त्यात अंड्यावरची मासळी, बारकी पोरं, म्हाकूल, जे उजेडाकडे येतं ते सगळं उचललं जातं. मी याच्या बाजूने कधीच नव्हतो, घरी यावरून भांडणं झालीयत.

कायद्याचं_बोला
एलईडीच्या बाबतीत खरं तर नियम सगळीकडे एकच आहे बरं का. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच १२ मैलांपुढे एलईडी, बुल ट्रॉलिंग, पेअर ट्रॉलिंग (दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढणं) बंद केलं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कायदा सुधारला तेव्हा एलईडीला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड ठेवला, आणि सुनावणी तहसीलदाराकडून काढून मत्स्य विभागाच्याच सहायक आयुक्तांकडे दिली म्हणजे लवकर निकाल लागावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ईईझेडसाठी (म्हणजे ते २०० मैलांपर्यंतचं पाणी) नवे नियम काढले त्यातही तेच, वर यांत्रिक बोटींना ऑनलाईन ॲक्सेस पास. म्हणजे कागद एक झाला की सगळं होतं असं नाही, हे पण बांगडाफ्राय यांच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

मांडवीकाठ
पणजीहून लिहितोय. गोव्याला शिव्या पडायला लागल्या म्हणून आलो 😀

आमच्याकडे पर्ससीन जास्त आहे हे खरं, आणि आमचे रांपणकारही (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) त्याच पर्ससीनवाल्यांशी तसेच भांडतात जसे तुमचे. पण एकट्याने निर्णय घेतला की शेजारी कसा भरडतो याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्याच सरकारने घालून दिलंय. २०१८ ला मासळी टिकवायला फॉर्मेलिन मारतात असं प्रकरण झालं, आठवतं? मडगावच्या घाऊक मार्केटात. सरकारने बाहेरच्या मासळीची आयातच बंद केली, नंतर सुरू केली ती अटी घालून, एफडीएची नोंदणी हवी, इन्सुलेटेड गाडी हवी वगैरे. हेतू चुकीचा होता असं म्हणणार नाही, लोक घाबरले होते, घरात मासळी येणं थांबलं होतं (गोव्यात!). पण मार कुणाला बसला? आंध्रातून मोठे ट्रक आणणाऱ्यांनी गाड्या बदलल्या आणि मोकळे झाले. वेंगुर्ला-मालवणहून टेम्पोत बर्फ घालून मासळी आणणारे छोटे व्यापारी मेले, कारवारचे पण. कारवारात आमच्या गाड्या अडवल्या, सिंधुदुर्गात आंदोलनं झाली. तीन जिल्हे जे एका बाजारावर जगतात त्यांच्यात कुणी आधी फोन करून विचारलं नाही की बाबांनो आम्ही असं करतोय, तुमचं काय होईल?

दुसरी गोष्ट डांबराच्या गोळ्यांची. मे महिना आला की आमच्या किनाऱ्यावर काळे गोळे येतात, पाय ठेवला की चिकटतात, रॉकेलशिवाय निघत नाहीत. दोना पावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) त्यावर भरपूर अभ्यास केलाय, तेल जहाजांचं असतं, तेलविहिरींकडचं असतं, गोव्याचं नसतं. खोल समुद्रातली घाण, साफ करायची आम्ही. गोव्याने एकट्याने कितीही ठराव केले तरी त्या जहाजाला काय फरक पडतो?

पापलेटप्रेमी
जहाजावरून आठवलं, २५ मे २०२५ ला कोचीजवळ ते एमएससी एल्सा ३ बुडालं, सहाशेच्या वर कंटेनर, काहींत कॅल्शियम कार्बाइड. त्यातले प्लास्टिकचे बारीक दाणे तिरुवनंतपुरमच काय पार तमिळनाडूपर्यंत वाहत गेले. केरळने ९,५३१ कोटींचा दावा लावला कोर्टात. आता केरळने लावला, बाकीच्यांनी काय करायचं? प्रत्येकाने वेगळा वकील?

आणि मुंबईकरांनाही विसरू नका, ऑगस्ट २०१० ची चित्रा-खलिजा जहाजांची टक्कर, तेल सांडलं होतं. कितीतरी दिवस बाजारात मासळी घ्यायला कुणी तयार नव्हतं, कोळणी बसून असायच्या.

कासवमित्र_गुहागर
इतका वेळ माशांचं चाललंय, मी कासवाचं सांगतो, विषय तोच आहे.

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एक ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला आली. पुढच्या पायाला धातूची पट्टी, नंबर ०३२३३. चौकशी केली तर ही पट्टी २०२१ मध्ये ओडिशाला बसवलेली! म्हणजे बाईसाहेब ओडिशाला अंडी घालत होत्या, मग भारताला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटर पोहून कोकणात आल्या. तोपर्यंत पुस्तकात काय होतं, की पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी. त्याआधी २०२३ ला गुहागरहूनच सॅटेलाईट टॅग लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती, म्हणजे जा-ये चालूच आहे.

आता विचार करा, वेळासला २००२ पासून लोक रात्री जागून अंडी राखतायत, मोरजी-आगोंदला गोव्याचं वनखातं राखतंय. आणि ती पिल्लं मोठी होऊन किती राज्यांच्या ट्रॉलरच्या जाळ्यांतून सुटली पाहिजेत! कासव सुटायची खिडकी, तिला टेड म्हणतात, ती ट्रॉलच्या जाळ्यात बसवायची असते. बसवली नाही म्हणून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी २०१९ पासून घेणं बंद केलं. अमेरिकेने 'हे राज्य चांगलं, ते वाईट' असं बघितलं का? सरसकट भारत बंद. शिक्षा सगळ्यांना मिळून झाली, निदान नियम तरी मिळून करा.

वेळणेश्वरकर
भारी माहिती! पट्टी बघणाऱ्या माणसाला सलाम, रात्री टॉर्चच्या उजेडात तेवढं बघणं सोपं नाही.

एक_भाबडी_शंका
पावसाळी बंदी तर सगळीकडे एकच असते ना? मग ते कसं जमलं?

कायद्याचं_बोला
चांगली शंका. आधी एक नव्हतीच. आपल्याकडे १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल ते. बाकीच्यांच्या तारखा वेगळ्या. त्यामुळे काय व्हायचं, एका राज्याची बंदी संपली की त्यांच्या बोटी अजून बंद असलेल्या शेजाऱ्याच्या पाण्यात. मग केंद्राने १२ मैलांपुढे पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरवले आणि बहुतेक राज्यांनी आपल्या १२ मैलांत तेच लावलं. केरळ तरी अजून स्वतःचे ५२ दिवस पाळतं. बिगरयांत्रिक होड्यांना सूट. पूर्व किनाऱ्याला १५ एप्रिल ते १४ जून.

तर जमलं का? केंद्राने आधी आपल्या पाण्यात केलं म्हणून, आणि दुसरं म्हणजे बंदी मोजायला सोपी असते. बोट बंदरात आहे की नाही हे पोरगंही सांगेल. जाळ्याचा आस (भोक) किती मिलीमीटर आहे हे मध्यरात्री समुद्रात कोण मोजणार?

मिरकरवाडा_एक्सप्रेस
आणि ३१ जुलै पण चुकीचीच आहे. पापलेटची पिल्लं ऑगस्टात बारकी असतात, कितीतरी सोसायट्या १५ ऑगस्ट मागतायत. पण एकट्या महाराष्ट्राने केलं की पुन्हा तेच, आम्ही बसायचं आणि बाकीच्यांनी मारायचं.

कारवारी
मी कारवारचा, घरी कोंकणी, शाळा मराठी, बोट कन्नड कागदावर 🙂 एवढा वेळ वाचत होतो. 'कर्नाटकी ट्रॉलर' म्हणून सगळ्यांना एका टपात घालू नका. मलपी-मंगळूरच्या मोठ्या ट्रॉलरचा त्रास आमच्या छोट्या लोकांना तुमच्याइतकाच आहे. ते पण आमच्याच पाण्यातून वर येतात की. आणि आमच्या बोटी गोव्याच्या हद्दीत चुकून गेल्या की पकडतात, गोव्याच्या आमच्याकडे आल्या की आमचे लोक घेरतात, आणि मग दोन्हीकडची पोलीस ठाणी. वारा आणि ओढ असली की जीपीएस बघेपर्यंत दोन मैल गेलेले असतात.

ते मोठे इतके लांब का येतात याचाही विचार करा. त्यांच्या दारातला समुद्र रिकामा झालाय. डिझेल, बर्फ, दहाबारा दिवसांचं रेशन घालून कुणी हौसेने मालवणला येत नाही. आणि परत जाताना रिकामी बोट न्यायची नाही म्हणून शेवटी बारीकसारीक काय मिळेल ते भरतात, ते जातं फिशमीलला, म्हणजे मासळीची पूड करायला. आमच्या किनाऱ्यावर फिशमीलचे कारखाने भरपूर आहेत, ते बारक्या मासळीला पैसे देतात तोवर बारकी मासळी मरणार. कारखान्याच्या गेटवर नियम लावा, समुद्रात नाही.

पापलेटप्रेमी
@कारवारी, हा मुद्दा मला सगळ्यात पटला.

याच संदर्भात, किमान आकाराचा नियम घ्या. केरळने २०१५ मध्ये पहिल्यांदा आणला, तारली १० सेंटिमीटरच्या खाली मारायची नाही, बांगडा १४ च्या खाली नाही, आधी १४ जाती होत्या, मग ५८ केल्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींची यादी काढली, त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. दोन्ही याद्यांचा पाया सीएमएफआरआयचाच (केंद्राची सागरी मत्स्य संशोधन संस्था). पण माझ्या कोळणीला विचारलं तर तिने अशी यादी ऐकलेली नाही, आणि टोपलीत बोटाएवढी पापलेटं. म्हणे 'माझी नाय, ट्रकातून आली, घ्यायची तर घे.' आता ट्रक कुठल्या राज्यातून आला, त्या राज्यात हा आकार चालतो का, हे मी विचारायचं?

केरळला तारलीचं काय झालं बघा. २०१२ ला चार लाख टनांच्या आसपास, २०२१ ला ३,२९७ टन. नुसती जास्त मारली म्हणून नाही, पाणी तापणं वगैरे कारणं आहेतच, शास्त्रज्ञ तेच सांगतात. पण वाईट वर्षात पिल्लं मारणं थांबवलं नाही तर उभारी धरणार कशी.

दक्षिणगोलार्ध
ऑकलंडहून. इथे पॅसिफिकमध्ये काय झालं ते सांगतो, कुणाला उपयोगी पडेल.

पापुआ न्यू गिनी, किरिबाती, नाउरू, मार्शल आयलंड, तुवालू वगैरे आठ देश. बरेचसे इतके छोटे की लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. पण ट्यूना त्यांच्या पाण्यात. पूर्वी मोठ्या देशांच्या बोटी एकेकाला गाठायच्या, 'तू स्वस्तात परवाना दे नाहीतर शेजाऱ्याकडे जातो'. १९८२ ला यांनी नाउरू करार केला आणि पुढे बोट-दिवस विकायची पद्धत आणली. सगळ्यांनी मिळून वर्षाचे एकूण दिवस ठरवायचे, आपसात वाटायचे, आणि किमान भाव ठरवायचा, ८,००० डॉलर एका बोटीच्या एका दिवसाला, त्याच्या खाली कुणी विकायचं नाही. २०१० ला सगळ्यांचं मिळून सहा कोटी डॉलर यायचे, ते काही वर्षांत पन्नास कोटींच्या घरात गेले. एकी केली ती निसर्गप्रेमाने नाही, पैसा वाढला म्हणून टिकली. आपल्या राज्यांना सहकार्यातून काय मिळणार हे आधी दाखवा, मग बैठका होतील.

बांगडाफ्राय
सगळे प्रतिसाद वाचले, डोकं भणभणलंय पण मजा आली.

मला आता असं वाटायला लागलंय की आपण चुकीच्या जागी पकडतोय. समुद्रात गस्तीनौका किती फिरणार? ७२० किलोमीटर किनारा. २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोन आले, ठीक आहे, फोटो मिळतो, पण फोटो मिळेपर्यंत ट्रॉलर हद्दीबाहेर आणि गोष्ट संपली. उलट मालवणला नियम मोडणारी बोट शेवटी कुठेतरी माल उतरवणारच ना? घरच्या बंदरात, उजेडात, वजनकाट्यावर. तिथे जर 'ही मासळी शेजारच्या राज्यात बेकायदा मारलेली आहे' म्हणून अडवता आली तर? आज तसं होत नाही, मलपीच्या जेटीवर पाऊल ठेवलं की सगळं पवित्र. देशादेशांत हीच युक्ती आहे म्हणे, चोरीची मासळी बंदरात उतरवू द्यायची नाही असा करार.

कायद्याचं_बोला
आहे. एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) २००९ मध्ये केला, २०१६ पासून लागू आहे. राज्याराज्यांत तसं करायला घटनादुरुस्तीची गरज नाही. तिन्ही राज्यांनी आपापल्या कायद्यात एक कलम घातलं की शेजारच्या राज्याच्या मासेमारी कायद्याचा भंग हा आमच्याही परवान्याचा भंग, झालं. परवाना आणि डिझेलचा परतावा घरच्या राज्याकडूनच मिळतो, तो अडकला की मालक फोन स्वतः करेल. बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवायची केंद्राची योजना चालू आहेच, वादळाच्या सूचनेसाठी म्हणून. त्यातली माहिती शेजारच्या मत्स्य विभागाला दाखवायची की नाही, हा प्रश्न मात्र टेबलावर आलाच पाहिजे.

कारवारी
माझी हरकत नाही, एका अटीवर. फक्त कर्नाटकाच्या जेटीवर नाही. आमच्या बैतखोलला तपासणी, तर त्याच दिवशी तुमच्या सर्जेकोटला आणि गोव्यातही. जीपीएसने चुकून गेलेला आणि जाळं टाकून बसलेला यात फरक करा. आणि तपासायला मिश्र पथक हवं, प्रत्येक राज्याचा एक माणूस.

मांडवीकाठ
मिश्र पथकाचा चहा कोण देणार यावर पहिली तीन वर्षं जातील 😂 बाकी सहमत.

मिरकरवाडा_एक्सप्रेस
मिरकरवाडा, सर्जेकोट, गोव्याचं मालिम, बैतखोल, मलपी, एकाच दिवशी. माझं जाळं मी स्वतः जेटीवर पसरून ठेवतो, आस मोजा, तळातली मासळी मोजा, काय मोजायचं ते मोजा. पण आधी मालिमला मोजायला कोण जाणार ते नाव सांगा. नाहीतर सप्टेंबरात पुन्हा मीच सापडेन, घराच्या सगळ्यात जवळचा म्हणून.

बांगडाफ्राय
काकांना विचारतो, त्यांना मालिमचे रस्ते माहीत आहेत.